विमानाचा क्लीनर

(प्रयागबाई, वय बहात्तर की त्र्याहत्तर, त्यांनाही नक्की नाही. सासर मुखेड तालुक्यातलं, राहणं लेकीकडे लातूरला. त्या बोलल्या तसं.)

माझा जन्म शिरूर अनंतपाळच्या जवळचा, गावाचं नाव सांगून तुमाला काय करायचंय, तिथं आता माझं कुणी न्हाई, भाऊ व्हता तो बी गेला, भावजयीनं दार लावून घेतलं. आमी लिंगायत वाणी. बापाचं दुकान व्हतं, मीठ, मिरची, गूळ, घासलेट, आन् थोडी जमीन. मी तिसरी पोरगी म्हणून माझ्या जन्माला कुणी गुळाचा खडा वाटला न्हाई, गूळ दुकानात पोत्यानं पडलेला असून वाटला न्हाई, हे मला माझ्या आजीनंच सांगितलं, हसत हसत सांगितलं. तवापासून माणसं कशी असतेत ते मला ठाऊक हाय. तुमी म्हणसाल म्हातारी तोंडाची खराब हाय. हाव, हाय. तसं लिहा.

चौथीपर्यंत शिकले, मग घरी बसवलं, आन् सोळाव्या वर्षी मुखेड तालुक्यात दिलं. नवऱ्याचं नाव व्यंकट. तवा नाव घेत नव्हते, आता घेते, माणूस जाऊन पन्नासच्या वर वर्षं झाली, आता कुणाची लाज धरायची. ते गावातले पहिले मॅट्रिक. हैद्राबादला भरती निघालती, कुणाला न विचारता गेले आन् विमानदळात लागले. गावात काय ती हवा झाली म्हणता. आपला व्यंकट विमान चालवणार. एक म्हातारी तर दशम्या बांधून घेऊन आलती म्हणतेत, की बाबा, माझी लेक पुण्याला दिलीय, तू वरून जाशील तवा तेवढ्या तिच्या अंगणात टाक. लोक असे खुळे. खुळे असले तरी चाललं असतं, पर खुळं माणूस फसलं म्हणून कळलं की दुष्ट व्हतं, ते मी बघितलंय.

लग्नाच्या मांडवात बघा, जेवणाच्या पंगती उठल्या, पाव्हणे पान खात बसले, आन् कुणी तरी ह्यांना विचारलं, किती उंच नेतावं विमान. हे खरं बोलणारे. म्हणाले, मी नेत न्हाई, मी खालीच असतो. विमान यायच्या आधी मी खाली उभा, गेल्यावर बी मी खाली उभा. तेल बघायचं, चाकातली हवा बघायची, नट आवळायचे, विमान थांबलं की चाकाला ठोकळा लावायचा, निघालं की काढायचा. आन् मागून माझा दीर नागनाथ, ह्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी धाकटा, मॅट्रिकला तीन बारी बसून तिन्ही बारी गचकलेला, तो म्हणला, म्हंजे क्लीनर की. टरकावर असतो तसा. विमानाचा क्लीनर. सगळा मांडव हसला. माझा बाप बी हसला, मी बघितलं. हे नाव नागनाथनं ठेवलं, हे ध्यानात ठेवा, कारण आता हाच नागनाथ काय करून राहिला ते मी पुढं सांगणार हाय.

तर त्या दिवसापासून ते क्लीनर. सुट्टीवर आले की पारावरून आवाज यायचा, काय क्लीनर, पंक्चर काढलं का विमानाचं. ते हसायचे. मला राग यायचा, म्हणायची तुमी बोलत का न्हाई. ते म्हणायचे, काय बोलू, ह्यांच्यातल्या एकाला बी नट आणि बोल्ट वेगळा सांगता येत न्हाई, ह्यांच्याशी मी काय वाद घालू. असा माणूस. हाताला काळं बसलेलं, नखात, रेषांत, साबणानं धुतलं, राखेनं घासलं तरी निघायचं न्हाई. आमच्या शेजारच्या मळ्यात तेलाचं इंजन व्हतं पाणी उपसायचं, ते चालू झालं की हे जेवता जेवता थांबायचे, कान द्यायचे, आन् म्हणायचे, त्याचं काही तरी ढिलं झालंय, दोन दिवसांत बंद पडतंय. आन् पडायचंच. मग जाऊन नीट करून द्यायचे, आन् तो मळेवाला पाणी बी विचारायचा न्हाई, वर म्हणायचा, क्लीनरला तेवढं तर आलंच पाहिजे.

एकदा मी बी विचारलं बघा, आता खोटं कशाला सांगू, मला बी वाटायचं की आपला नवरा वर का जात न्हाई. तर ते रागावले न्हाईत. म्हणाले, प्रयाग, विमान तयार झालं की एका कागदावर मी सही करतो, की मी बघितलंय, ठीक हाय. पायलट येतो, मोठा ऑफिसर, तो आधी ती सही बघतो, मग चढतो. माझी सही नसली तर तो शिडीला पाय लावत न्हाई. एवढंच म्हणाले आन् सुपारी कातरत बसले. मला त्या दिवशी कळलं मी कुणाच्या घरात आले ते. दोन वर्षांचा संसार, तो बी सुट्टीसुट्टीचा, पर कळलं.

मग ती बांगलादेशची लढाई लागली. मला पाचवा महिना चालू व्हता. तुरी काढणीला आल्या व्हत्या, आमी सगळ्या रानात. त्यांचं एक पत्र आलतं, आसामच्या तिकडं कुठं तरी हाव, थंडी हाय, काम लई हाय, काळजी करू नका, आईला सांगा जेवण चांगलं हाय. बस. त्याच्यानंतर तार आली.

मुखेडहून पोस्टाचा माणूस सायकल ढकलत आला, आन् तार इंग्रजीत, म्हणून ती मारुतीच्या पारावर मास्तरकडं नेली. घरी आणायची न्हाई का आधी? न्हाई. पारावर. आमाला रानातून बोलावून आणलं आन् मास्तरनं सगळ्या गावासमोर आधी इंग्रजी वाचली, ठसक्यात वाचली, कुणाला दाखवत व्हता कुणास ठाऊक, माझी सासू समोर उभी, तिच्या डोक्यावर अजून तुरीचा पाला. मग मराठीत म्हणला, व्यंकट गेला. सासू खाली बसली. मग कुणी तरी विचारलं, लढाईत? मास्तरनं पुन्हा कागद बघितला आन् म्हणला, न्हाई, अपघातात. विमानतळावर.

काय सांगू तुमाला, अपघातात म्हणल्याबरोबर लोकांची तोंडं उतरली. तो मेला म्हणून न्हाई. लढाईत मेला न्हाई म्हणून. त्यांचं नुकसान झालं ना. एक मिनिट त्यांचं गाव मोठं झालं व्हतं, पुन्हा बारकं झालं. दुसऱ्या दिवशी पाणवठ्यावर बायका बोलत व्हत्या, मला ऐकू जावं इतक्या मोठ्यानं, की अपघातच व्हायचा तर एवढ्या लांब कशाला जायचं, इथं एसटीखाली बी झाला असता. ज्या बाईनं हे म्हणलं ती अजून जिती हाय. मला भेटली की गळ्यात पडती, वीरपत्नी म्हणती. मी तिच्या पाठीवर हात ठेवत न्हाई.

माझ्या सासूनं एकच विचारलं. ती रडली न्हाई, जेवली न्हाई, तीन दिवस भिंतीला टेकून बसली आन् जो येईल त्याला विचारायची, माझ्या लेकराला माती दिली का आग लावली? आमच्यात जाळत न्हाईत. आमच्यात माणसाला बसवून माती देतेत, गळ्यातलं लिंग त्याच्या हातात देतेत, स्वामी येतो. ती विचारायची आन् कुणाला काय ठाऊक असणार. मास्तर म्हणला, तारेत लिहिलं न्हाई. एवढी इंग्रजी येणारा माणूस, खोटं बोलायची अक्कल नव्हती त्याला.

तीन महिन्यांनी त्यांची पेटी घेऊन एक माणूस आला. बालय्या नाव, देगलूरकडचा, तेलगू-मराठी मिसळून बोलायचा, ह्यांच्यासंगं एकाच तळावर, एकाच कामाला. पत्र्याची काळी पेटी डोक्यावर घेऊन स्टँडपासून चालत आलता. घरात बसला, पाणी प्यायला, आन् सगळं गाव दारात, नागनाथ पुढं. त्यानं सांगितलं, दुश्मनाचं विमान आलं, बाँब पडला, व्यंकट आमाला वाचवायला धावला. दारातली माणसं हं हं करू लागली. सासूनं विचारलं, माती का आग. तो म्हणला, माती दिली आई, स्वामी बोलावून दिली, बसवून दिली. ती मग उठली, पहिल्यांदा उठली, आन् चुलीपाशी गेली आन् त्याला भाकरी करून घातली.

मी चौकटीत बसून बघून राहिलते. त्या माणसाला भाकरी गिळवत नव्हती. आन् तो माझ्याकडं एकदा बी बघेना. मला वाटलं हा सगळं खोटं बोलला.

तो निघाला तसं मी म्हणलं, मी ह्यांना रानवाटेच्या पांदीपर्यंत सोडून येते, भाऊ हाय आपला. सात-आठ महिन्याचं पोट, कुणी काय म्हणलं न्हाई. पांदीत लागल्यावर मी उभी राहिले आन् म्हणलं, भाऊ, आता माझ्या नवऱ्याचं सांगा. तो म्हणला, सांगितलं की ताई. मी म्हणलं, ते त्यांना सांगितलं. मला सांगा. तो माणूस तिथंच धुळीत बसला, मोठा उंच माणूस, आन् खाली बघत सांगू लागला.

म्हणला, ताई, बाँब न्हाई पडला. आमच्या तळावर एक बी बाँब पडला न्हाई लढाई संपेपर्यंत. आमची विमानं माल न्यायची, दारूगोळा, औषध, दाणागोटा, आन् येताना जखमी आणायची. दोन पंख्यांची विमानं. एक उतरलं की भरायचं, तेल घालायचं, तपासायचं, सोडायचं, तोवर दुसरं उतरायचं. दोन दिवस आन् दोन रात्री आमी पाठ टेकली न्हाई. तिसऱ्या दिवशी सकाळी, चांगलं ऊन पडलं व्हतं, विमान चालू झालं, दोन्ही पंखे चालू, व्यंकटनं चाकाचा ठोकळा ओढला, हात वर करून दाखवला की निघालाय, आन् वळला. आता वळल्यावर मागून शेपटीकडून फिरून यायचं असतं, लांबून. इंजन बंद असलं की आमी समोरूनच येतो, जवळ पडतं. तो समोरून आला. झोपेत चालतो तसा आला. ताई, पंखा जोरात फिरायला लागला की दिसत न्हाई. नुसती हवा दिसती. मी वरडलो, पर त्या आवाजात माझंच मला ऐकू आलं न्हाई.

मी विचारलं, मग. तो म्हणला, मग काय, लगेच. त्याला कळलं बी नसंल. मी विचारलं, विमान? तो म्हणला, ते त्या दिवशी उडालं न्हाई. बाकीची उडाली. दुपारपर्यंत मी पुन्हा ठोकळे ओढत व्हतो, ताई, त्याच जागेवर, पाणी मारून धुतलेल्या जागेवर.

आन् मग म्हणला, व्यंकट एकटा न्हाई. आमच्याच तळावर एक जण तेलाची गाडी मागं घेताना तिच्याखाली गेला, एक जण माल चढवताना पेट्या अंगावर पडून गेला. दुश्मनानं एक मारला न्हाई, आन् तिघं गेले. हे कुणाला सांगायचं, ताई, कोण ऐकून घेतंय.

मी शेवटी विचारलं, माती दिली का आग. तो म्हणला, आग. लढाईत कुठला स्वामी आन् कुठली माती. पर त्याच्या गळ्यातलं लिंग मी काढलं न्हाई, कुणाला काढू दिलं न्हाई, ते त्याच्यासंगंच गेलं. मी म्हणलं, बरं केलं. त्याला उठवलं, धूळ झाडली त्याच्या कपड्याची, आन् एसटीला लावून दिलं. त्याच्यानंतर तो कधी आला न्हाई. त्याला मी वाईट म्हणत न्हाई. माझ्यासमोर खरं बोललेला तो एकच माणूस.

घरी आले तर सासू विचारू लागली, काय म्हणत व्हता गं पांदीत. मी म्हणलं, काही न्हाई आत्याबाई, तब्येत सांभाळ म्हणत व्हता. आन् तिचा माती दिलेला लेक मी तिच्याकडंच राहू दिला. नऊ वर्षं ती जगली त्याच्यानंतर.

गावाचं म्हणाल तर बालय्याचा बाँब एक पावसाळा टिकला. मग मास्तरनंच पुन्हा आठवण दिली, की तारेत तर अपघात लिहिलंय. पुन्हा क्लीनर. आन् मधल्या काळात माझी मंगल जन्मली, तर तिला म्हणू लागले, पांढऱ्या पायाची, पोटात असताना बाप खाल्ला. कोण म्हणलं? नागनाथची बायको. नागनाथ समोर बसून चहा पीत व्हता, बशीतला चहा फुंकत व्हता. त्यानं मान वर केली न्हाई.

सासू गेली तसं मी लेकरू घेऊन लातूरला आले. मुलींच्या वसतिगृहात भाकरी थापायला लागले. अठ्ठावीस वर्षं थापल्या. तिथल्या पोरी आता डाक्टर हायेत, मास्तरणी हायेत, कुणी कुणी रस्त्यात दिसती आन् तोंड फिरवती, भाकरीवालीला वळख द्यायला लाज वाटती, आन् कुणी कुणी गाडीतून उतरून पाया पडती. दोन्ही बघितलं. मंगलला मास्तरीण केली. ती पोरगी बापावर गेलीय, जास्त बोलत न्हाई, पर घरातलं मिक्सर, पंखा, इस्त्री, काही बिघडलं की स्वतः उघडून बसती. जावई बिचारा बाजूला उभा राहून पेचकस देतो.

आता खरी गोष्ट ऐका. दोन वर्षांमागं नागनाथ आला. किती वर्षांनी, तर मी मोजायचं सोडलं व्हतं. पांढरी दाढी, हातात काठी, आन् संगं त्याचं पोरगं, पंचेचाळीशीचं, पांढरे कडक कपडे, बोटात अंगठ्या. मोसंब्या घेऊन आलते. पोरगं म्हणलं, काकू, आपल्या काकांचा पुतळा बसवायचाय गावात, शाळेसमोर, कार्यक्रम हाय, मोठे लोक येणार हायेत, तुमी पाहिजेच. मी म्हणलं, आत्ताच काय आठवण झाली. तर नागनाथ म्हणला, वहिनी, रक्ताचं माणूस कधी विसरतंय का. मंगल आतून म्हणली, ह्यांच्याकडं ग्रामपंचायतीचं इलेक्शन हाय, आई. नागनाथनं ऐकलं न्हाई असं केलं. त्याला असं करायची सवय लई जुनी.

मग त्या पोरानं मोबाइलवर बॅनरचं चित्र दाखवलं. काय सांगू. एक उभा धिप्पाड माणूस, पायलटचा पोशाख, डोक्यावर ते गोल टोपडं, डोळ्याला गॉगल वर सरकवलेला, मागं लढाऊ विमान, जाळ, धूर, आन् त्या धडावर माझ्या नवऱ्याचं तोंड चिकटवलेलं. लग्नातल्या फोटोचं तोंड. बाशिंग कापून काढलेलं, पर कपाळावर हळदीचा डाग तसाच. आन् खाली लिहिलेलं, दुश्मनाची विमानं पाडणारे. किती पाडली ते बी लिहिलं व्हतं. मी नागनाथला म्हणलं, भाऊजी, हे कोण? तो म्हणला, आपला व्यंकट. मी म्हणलं, क्लीनर? तर हसला, म्हणला, वहिनी, ते लहानपणचं चेष्टेचं तुमी अजून धरून बसलात व्हय.

लहानपणचं. वीस वर्षांचा घोडा व्हता.

मंगल जाऊ नको म्हणली. मी म्हणलं, मी जाणार. एसटीनं गेलाव दोघी. स्टँडवर बॅनर, पारावर बॅनर, शाळेला बॅनर. स्टेज, खुर्च्या, लाल गालिचा, त्याच्यावर कुत्रं झोपलेलं. मला शाल, नारळ, फेटा बी बांधत व्हते, मी म्हणलं फेटा नको. कुणी तरी भाषण केलं, व्यंकट लहानपणापासूनच कसे आकाशाकडं बघायचे. सांगणारा तवा जन्मला बी नव्हता. मग दुसरा बोलला, आन् त्याचं विमान पहिल्यापेक्षा उंच उडालं. मला त्या बिचाऱ्या म्हातारीच्या दशम्या आठवल्या, ती बरी व्हती ह्यांच्यापेक्षा, तिला लेकीला तरी काही द्यायचं व्हतं.

मग म्हणले, आजी आशीर्वादपर दोन शब्द बोलतील. मी माईकपाशी गेले. मी म्हणलं, माझ्या नवऱ्यानं एक बी विमान पाडलं न्हाई. त्यानं विमानं उडवली बी न्हाईत. तो ती नीट करायचा. त्याची सही असल्याबिगर कुणी वर जात नव्हतं. दोन दिवस झोपला नव्हता, तिसऱ्या दिवशी सकाळी चालत्या पंख्यात गेला. तुमीच त्याला क्लीनर म्हणायचा, आन् ते नाव ह्या नागनाथनं ठेवलंय, तो हा बसलाय. तवा तुमाला त्याची लाज वाटायची. आज बी वाटती, म्हणून त्याचं धड कापून दुसऱ्याचं लावलंय. त्याचं धड पंख्यानं एकदा तोडलं, तुमी दुसऱ्यांदा तोडू नका.

एवढंच बोलले. कुणी टाळी वाजवली न्हाई. कुत्रं उठून गेलं. मग अध्यक्ष का कोण ते माईकवर आले आन् म्हणले, आजींच्या भावना अनावर झाल्या, समजून घ्या. माझ्या डोळ्यात टिपूस नव्हता. अनावर म्हणे. मग दोरी ओढली, पुतळा उघडला. गॉगलवाला. तो अजून उभा हाय, जाऊन बघा, आन् नागनाथचं पोरगं निवडून बी आलं.

निघताना नागनाथ काठी टेकत मागं आला. म्हणला, वहिनी, दोन शब्द गोड बोलली असतीस तर तुझं काय जात व्हतं. मी म्हणलं, भाऊजी, तुमी मांडवात दोन शब्द गिळले असते तर तुमचं काय जात व्हतं. मग मी वळून बघितलं न्हाई.

आता हे इथं संपलं असतं. पर कुणी तरी माझं बोलणं मोबाइलमधी घेतलं आन् ते फिरलं. लई लोकांनी शिव्या घातल्या म्हणे, मंगल मला वाचू देत न्हाई. वीराचा अपमान केला म्हणे म्हातारीनं. ज्यांना विमानाचं चाक कुठं असतं ठाऊक न्हाई ते मला सांगणार.

पंधरा-वीस दिवसांनी दुपारी एक म्हातारा दारात उभा. धोतर, पटका, पायात जाड वहाणा. म्हणला, लोह्याहून आलोय, ग्यानोबा नाव, शेतकरी माणूस, पत्ता विचारत विचारत आलो. मी आत घेतलं, पाणी दिलं. मग म्हणला, ताई, माझा थोरला भाऊ बी विमानदळात व्हता. त्याच लढाईत. दुसऱ्या तळावर. धुक्यात तेलाची गाडी मागं येत व्हती, ती अंगावरून गेली. आमच्याकडं आलेल्या साहेबानं बापाला खरं सांगितलं आन् बापानं मला सांगितलं, आन् म्हणला, बाहेर बाँब म्हणायचं. मी बावन्न वर्षं बाँब म्हणतोय. लेकरांना बाँब सांगितला, नातवांना बाँब सांगितला, फोटोखाली रंगवून घेतलंय, बाँबहल्ल्यात वीरमरण. आन् मला त्या फोटोकडं बघवत न्हाई, ताई, वाटतं हा दुसराच कोण तरी हाय, माझा भाऊ कुठं गेला.

मी म्हणलं, मग पुसून टाका. तो म्हणला, आई व्हती तोवर कसं पुसणार. आई बाँबच खरा मानून गेली. मग त्यानं माझ्याकडं नीट बघितलं आन् विचारलं, तुमी सांगितलं का ताई तुमच्या सासूला?

तुमाला सांगते, त्या दिवशी स्टेजवर सगळ्या गावाला बोलले, पर त्या म्हाताऱ्यापुढं मी खाली बघून बोलले. मी म्हणलं, न्हाई. नऊ वर्षं तिच्या हाताखाली भाकरी केली आन् न्हाई सांगितलं. तिला माती पाहिजे व्हती, मी माती ठेवली. आन् एवढा वेळ मी सगळ्या जगाला खोटारडं म्हणत व्हते. तो म्हणला, ते वेगळं, ताई. मी म्हणलं, वेगळं असंल, नसंल, मला कळत न्हाई. तिला रात्रीची झोप लागायची, आन् मी तिच्या शेजारी पडून आढ्याकडं बघायची, हे मला ठाऊक हाय. आमी दोघं मग चहा प्यालो. मंगल शाळेतून आली, तिनं त्याला जेवायला ठेवून घेतलं, ज्वारीची भाकरी आन् शेंगाची चटणी. जेवता जेवता तो त्याच्या भावाचं बोलत राहिला, बाँबचं न्हाई, तो कसा पोहायचा, कसा मोट हाकताना गायचा, ते.

महिन्यानं त्याचा फोन आला. म्हणला, लोह्यात पेंटर गाठला, फोटोखालची अक्षरं खरडून काढली आन् नवी घातली. कामावर असताना, तेलाच्या गाडीखाली. पोरगा बोलत न्हाई माझ्याशी, म्हणतो काकांच्या नावाला कमीपणा आणला, पोराच्या सोयरिकीला आडवं येतंय. मी म्हणलं, मग? तो म्हणला, मग काय, न बोलू दे. मी रोज सकाळी फोटो पुसतो आता. आधी सून पुसायची.

कधी कधी फोन करतो. पाऊस किती झाला विचारतो, गुडघे विचारतो. बस.

तर असं हाय. तुमी हे लिहून घेताय, चांगलं हाय, पर तुमच्यावर बी माझा पूर्ण भरवसा न्हाई, लिहिणारे लोक हळूहळू गॉगल चढवतेतच. चढवू नका. व्यंकट विमानाचे नट आवळायचा, हातातलं काळं निघायचं न्हाई, झोप न झाल्यानं चुकीच्या बाजूनं आला आन् गेला, असं लिहा. त्याच्यात कमी काय हाय ते मला कुणी तरी सांगा.

म्हातारपणी राग निवतो म्हणतेत. माझे दात गेले, एका डोळ्याला दिसत न्हाई, गुडघे जिना चढू देत न्हाईत, सगळं गेलं एक एक करून, राग तेवढा हाय तसा हाय, सकाळी माझ्या आधी उठून बसतो. मंगल म्हणती आई, आता सोड. कशाला सोडू. मला अंथरुणातून उठवतंय कोण मग. जा आता, उन्हं चढायच्या आत पोचा. लेकरंबाळं सुखी राहोत तुमची, आन् पाणी पिऊन जा.